पागेतली धूळ आणि घोड्याची श्वासनळी

मंडळी, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा पारखणारा माणूस दात बघतो, चाल बघतो, अंगावरचे भोवरेही मोजतो; श्वास घेताना त्याची कूस कशी हलते, हे पाहणारे मात्र थोडेच असतात. आजचे बोलणे त्याच दुर्लक्षित भागाविषयी आहे.

श्वासनळीत चिकट स्राव असणे हा रोग नव्हे. निरोगी घोड्याच्या श्वासनळीतही तो पाझरतो, धूळ आणि जंतू त्यात अडकतात आणि नळीच्या आतल्या अस्तरावरची सूक्ष्म लव तो घशाकडे ढकलत राहते, तेथे घोडा तो गिळून टाकतो. धूळ सतत येत राहिली की अस्तर सुजते, स्राव वाढतो, घट्ट होतो आणि लवेला तो रेटवत नाही. दुर्बिणीने पाहून पशुवैद्यक या स्रावाला 0 ते 5 अशी श्रेणी देतात; शर्यतीच्या घोड्यांत श्रेणी 2 किंवा त्याहून अधिक असेल, तर धावण्यात घसरण दिसते. एवढे होऊनही घोडा खोकेलच असे नाही. ताप नसतो, चंदी नीट खातो, म्हणून मालक निर्धास्त राहतो. माझ्या मते खरी अडचण हीच आहे. विश्रांतीत घोड्याचे श्वास मिनिटाला साधारण 8 ते 16 असतात. ते वाढले, नाकपुड्या फुलू लागल्या आणि श्वास सोडताना पोट दुसऱ्यांदा आवळले जाऊ लागले, म्हणजे दुखणे बरेच पुढे गेले. सौम्य आणि तीव्र अशा या दोन्ही अवस्थांना आता ‘घोड्याचा दमा’ असे एकच नाव दिले जाते.

आपल्याकडे याचे मूळ बहुधा गव्हाणीतच सापडते. परतीच्या किंवा अवकाळी पावसात भिजलेला कडबा वरून वाळतो, पण पेंढीच्या आत काळा पडतो, आणि कुट्टी करताना जो धुरळा उठतो त्यात बुरशीचे बीजाणू असतात. पाच मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचतात. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्यामुळे तोबऱ्यात किंवा उंच जाळीत कोरडा भुसा दिला, की तो धुळीतच नाक खुपसून उभा असतो. शिवाय मान खाली असताना स्राव उताराने बाहेर वाहतो. आखूड दोरीने डोके वर बांधून ठेवलेल्या किंवा ट्रकमधून लांब नेलेल्या घोड्याची ही सोय बंद होते, श्वासनळीत जंतू साचतात आणि काही घोड्यांत ते छातीत उतरतात.

म्हणून चारा जमिनीवर द्यावा आणि देण्यापूर्वी अर्धा तास पाण्यात भिजवावा. मराठवाड्याच्या उन्हात भिजलेला चारा लवकर आंबतो, तेव्हा उरलेला फेकून द्यावा, हा खर्च टाळण्याजोगा नाही. बुरशी लागलेला कडबा मात्र भिजवूनही वापरू नये. झाडलोट घोडा बाहेर असताना करावी. मूत्राने ओला झालेला बिछाना रोज काढावा, कारण त्यातून निघणारा अमोनिया श्वासमार्गाला झोंबतो.

ताप असेल, जबड्याखाली गाठी असतील किंवा नाकातून पू येत असेल, तर प्रकरण वेगळे आहे. तो घोडा लगेच वेगळा बांधून पशुवैद्यकाला बोलवावे. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची शंका असेल तर हात लावतानाही काळजी घ्यावी, कारण तो रोग माणसालाही होतो.

दम्यावर स्टेरॉइड आणि श्वासनलिका रुंदावणारी औषधे आहेत. पण धूळ तशीच ठेवून ती दिली, तर औषध थांबताच धाप परतते. बदल एकाच घोड्यापुरता केला तरी फायदा अपुरा राहतो. पागेतली हवा सामाईक असते. शेजारच्या गव्हाणीत कोणी कोरडी कुट्टी झटकली, तर तिचा त्रास दमेकरी घोड्याला काही तासांतच होऊ शकतो.