कोंबडीच्या पिल्लाचा दुसरा पंख

श्रोतेहो, नमस्कार. कर्करोग म्हटलं की आपण बोट दाखवतो ते बिघडलेल्या पेशींकडे. पण गाठीत दुसऱ्याही पेशी असतात. त्यातल्या फायब्रोब्लास्ट या आधारपेशी, बोट कापलं की कोलॅजन नावाचं धाग्यांसारखं प्रथिन विणून जखम भरून काढणाऱ्या. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर गाठीचा मोठा भाग अशा आधार-ऊतीनेच व्यापलेला असतो.

आता माझी लाडकी गोष्ट. कोंबड्यांमधला एक कर्करोग पेशी गाळून काढलेल्या द्रावानेही होतो, म्हणजे विषाणूने होतो, हे पेटन राउस यांनी 1911 साली दाखवलं. नोबेल मिळालं 1966 मध्ये, वयाच्या 87व्या वर्षी. मरणोत्तर द्यायचं नाही म्हणता, मग इतकी वाट कसली बघता?

असो. 1980च्या दशकात कर्करोग-संशोधक मीना बिसेल आणि सहकाऱ्यांनी हाच विषाणू अंड्यातल्या गर्भाला टोचला. विषाणू पेशींत शिरला, पण गाठ काही आली नाही. मग त्यांनी तो पिल्लाच्या एका पंखात टोचला. तिथे गाठ आली. विषाणू रक्तातून अंगभर फिरतोय, तरी दुसरा पंख ठणठणीत. मग त्या दुसऱ्या पंखाला मुद्दाम जखम केली. आणि नेमकी त्या जखमेवर गाठ उगवली! पुन्हा सांगते: विषाणू तिथे आधीपासून पोचत होता, गाठ आली ती जखम झाल्यावर.

का? जखम झाली की आधारपेशी कामाला लागतात, वाढीचे संदेश सोडतात, नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. जखम भरली की हे सगळं थांबतं. गाठीत ते थांबत नाही. हॅरल्ड ड्वोरॅक या संशोधकांनी 1986 मध्ये गाठीला न भरणारी जखमच म्हटलं. घाबरू नका, बोट कापलं म्हणून कर्करोग होत नाही. त्या पिल्लाच्या अंगात विषाणू होता.

मग या आधारपेशी मारूनच टाकाव्यात? स्वादुपिंडाचा कर्करोग असलेल्या उंदरांवर तेही झालं. 2014 मध्ये निष्कर्ष आले: रोग आणखी बळावला, उंदीर लवकर दगावले. काही आधारपेशी गाठीला आवरूनही धरत असणार. म्हणून आता त्यांना न मारता शांत कसं करावं, याचा शोध चाललाय. ‘ड’ जीवनसत्त्वासारखी रचना असलेली औषधंही त्यासाठी तपासली गेली. एवढं ऐकून कुणी उद्या स्वतःच्या मनाने ‘ड’च्या गोळ्या सुरू करू नका म्हणजे झालं. नमस्कार.