भरलेल्या जखमेतही न थांबणाऱ्या पेशी

पडद्यावर दिसणारी ही गाठ कानाच्या पाळीवरची आहे. कान टोचल्याची जखम केव्हाच भरून आली होती. पण काही महिन्यांनी त्याच जागी कातडी जाड होऊ लागली आणि आज तिथे तुकतुकीत, घट्ट, सतत खाजणारी गाठ उभी आहे. तिला कीलॉइड म्हणतात. भाजल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर उठणारा जाड वण सहसा जखमेच्या हद्दीतच राहतो आणि कालांतराने थोडा बसतोही. कीलॉइड मात्र हद्द ओलांडून निरोगी त्वचेत पसरतो. छाती, खांदा, जबड्याची कड आणि कानाची पाळी या जागी तो अधिक आढळतो आणि सावळ्या वर्णाच्या लोकांना त्याचा त्रास जास्त होतो.

जखम झाली की रक्त गोठते, दाह सुरू होतो आणि प्लेटलेट व भक्षक पेशी टीजीएफ-बीटा नावाचे संदेशवाहक प्रथिन सोडतात. त्या संदेशाने आसपासच्या फायब्रोब्लास्ट पेशी जखमेत सरकतात आणि त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचे तंतू तयार करू लागतात. त्यांपैकी काहींच्या अंगी स्नायूसारखे आकुंचन पावण्याची क्षमता येते. या मायोफायब्रोब्लास्ट पेशींचे वर्णन जुलिओ गॅब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये केले. जखमेच्या कडा ओढून जवळ आणणे हे त्यांचे काम आहे, आणि ते संपल्यावर त्या एरवी आपोआप नष्ट होतात. अतिरिक्त वणात नेमके हेच घडत नाही. साचलेल्या कोलॅजनमुळे ऊती कडक होते, कडक ऊतीतला ताण पेशींना जाणवतो आणि त्या ताणामुळे पेशी आणखी कोलॅजन बनवतात. बरे करणारी प्रक्रियाच अशी स्वतःला खतपाणी घालत राहते. छातीच्या मधोमध आणि खांद्यावर, जिथे त्वचा हालचालीने सतत ताणली जाते, तिथे कीलॉइड का उठतात, याचे बरेचसे उत्तर या दुष्टचक्रात आहे.

आज हाताशी असलेले उपचार हे चक्र मंद करतात. गाठीतच ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, सिलिकॉनच्या पट्ट्या लावतात, भाजलेल्या रुग्णांना दाब देणारे घट्ट कपडे महिनोन्‌महिने घालायला सांगतात. गाठ नुसती कापून टाकण्याचा मोह रुग्णाला आणि कधी डॉक्टरांनाही होतो, पण केवळ शस्त्रक्रिया केल्यास 45 ते 100 टक्के रुग्णांत ती पुन्हा उद्भवल्याच्या नोंदी आहेत. म्हणून शस्त्रक्रियेला इंजेक्शनची किंवा किरणोपचाराची जोड द्यावी लागते.

खरी आशा ताण ओळखणाऱ्या यंत्रणेतच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मायकेल लाँगेकर यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवले की उंदराच्या पाठीवर वण घडवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींच्या ज्या वंशातून येतात, त्यात एनग्रेल्ड-1 हे जनुक कधीतरी सक्रिय झालेले असते. 2021 मध्ये याच गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले: जखमेवरील ताणामुळे, एरवी शांत असलेल्या फायब्रोब्लास्टमध्येही हे जनुक जागे होते आणि त्यासाठी याप नावाचे प्रथिन लागते. डोळ्यांच्या आजारासाठी पूर्वीपासून वापरात असलेले व्हर्टिपॉर्फिन हे औषध या प्रथिनाला रोखते. ते दिलेल्या उंदरांच्या जखमा भरल्या तेव्हा तिथे वणाऐवजी केसांची मुळे आणि ग्रंथी असलेली त्वचा आली. वणात केस कधीच उगवत नाहीत, हे लक्षात घेतले की या निष्कर्षाचे महत्त्व कळते.

पण घाई करून चालणार नाही. उंदराची कातडी सैल असते, माणसाची खालच्या थरांना घट्ट धरून असते. शिवाय खरा कीलॉइड फक्त माणसांनाच होतो, त्यामुळे त्यावरचे औषध अखेर रुग्णांच्याच ऊतींवर आणि काटेकोर मानवी चाचण्यांत पारखावे लागेल. तोपर्यंत ज्यांच्या घरात कुणाला कीलॉइड झाला आहे, त्यांनी कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी किंवा नाक-कान टोचण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, म्हणजे टाके पडल्यापासूनच प्रतिबंधक उपाय सुरू करता येतात.