‘मला वाटतं’ या दोन शब्दांत

शनिवारी संध्याकाळी तालुक्याच्या या सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रांचे लांब टेबल रिकामे केले जाते आणि त्याच्याभोवती पंधरा-सोळा खुर्च्या मांडल्या जातात. आज चर्चेला आहे मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे अहिंसक संवादावरील पुस्तक. १९४३ साली डेट्रॉईट शहरात उसळलेली वांशिक दंगल रोझेनबर्ग यांनी लहानपणी जवळून पाहिली होती, आणि पुढे माणसामाणसांतल्या बोलण्याची पद्धत शोधताना त्यांनी ‘अहिंसक’ हा शब्द गांधीजींच्या अर्थाने स्वीकारला.

निरीक्षण, भावना, गरज आणि विनंती अशा त्यांच्या चार पायऱ्या आहेत. ग्रंथपालबाईंनी प्रत्येकाच्या वहीत तसे चार रकाने आखून दिले आहेत, आणि या आठवड्यात घरात ज्यावरून खटका उडाला, असे आपलेच एक वाक्य त्यांत बसवायला सांगितले आहे.

अडते ते दुसऱ्याच रकान्यापाशी. एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी तिथे लिहिले आहे, “मला वाटतं, घरात माझं कोणी ऐकत नाही.” आपल्या मराठीत ‘वाटणे’ हे एकच क्रियापद मनातली भावनाही सांगते आणि मतही सांगते, त्यामुळे दुसऱ्यावर ठेवलेला ठपका आपल्याला सहज आपली भावना वाटू लागतो. ‘मला एकटं वाटतं’ ही भावना आहे. ‘मला वाटतं, कोणी ऐकत नाही’ हा घरातल्या माणसांवर मारलेला शेरा आहे. पुस्तकातले इतर सारे विसरले तरी चालेल, पण एवढा एक फरक प्रत्येकाने घरी न्यावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

गुरुजी बराच वेळ वहीकडे पाहत राहतात. ज्यांनी आयुष्यभर प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले, त्यांना हे वाक्य खोडताना काय होत असेल, हे त्यांच्या थांबलेल्या पेन्सिलीवरून कळते. मग पहिल्या रकान्यात ते लिहितात, “रविवारी जेवताना मी बोलत होतो, तेव्हा मुलगा आणि सून दोघंही मोबाइल पाहत होते,” आणि दुसऱ्यात, “मला एकटं वाटलं.” शेवटच्या रकान्यात येते, “जेवणापुरता मोबाइल बाजूला ठेवाल का?”

“आणि त्यांनी नाही म्हटलं तर?” महाविद्यालयातली एक मुलगी विचारते. रोझेनबर्ग यांच्या मते विनंती आणि हुकूम यांतला फरक नेमका इथेच कळतो, कारण नकार मिळताच जी रागात किंवा टोमण्यात बदलते, ती मुळात विनंती नव्हतीच. गुरुजी मान हलवतात.

यावर टेबलाच्या टोकाला बसलेल्या एक बाई प्रथमच बोलतात. “सासऱ्यांनी कितीही गोड शब्दांत विचारलं, तरी सुनेला तो हुकूमच असतो. तिला नाही म्हणायची सोय कुठं असते?”

आजच्या चर्चेतला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे, कारण ज्याच्या नकाराला घरात जागा नाही, त्याच्यासाठी बोलण्याची कोणतीही पद्धत अपुरी पडते. कोणी घाईने उत्तर देत नाही. ग्रंथपालबाई तो प्रश्न फळ्यावर, त्यांच्याच शब्दांत, जसाच्या तसा लिहून घेतात.

साडेसात वाजता खुर्च्या भिंतीकडे सरकवल्या जातात. त्या बाईंच्या वहीतले तीन रकाने बारीक अक्षरांत भरलेले आहेत. विनंतीचा रकाना कोरा आहे, आणि तो भरण्याचा आग्रह त्यांना कोणीही केलेला नाही.