पहिल्या मिनिटाचे दहा गुण

लेबर रूमचं दार किलकिलं झालं की बाहेर ताटकळलेली आजी आधी विचारते, "रडलं का?" आत रडण्याबरोबर आणखी चार गोष्टी बघितल्या जातात. हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर आहेत का. हातपाय आखडून धरलेत की लुळे पडलेत. नाकात नळी गेल्यावर बाळ शिंकतं, तोंड वाकडं करतं, की गप्पच राहतं. आणि अंगाचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. बेरीज दहापैकी. हा अपगार स्कोर.

डॉ. व्हर्जिनिया अपगार न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात भूलतज्ज्ञ होत्या. निघाल्या होत्या सर्जन व्हायला, वरिष्ठांनी भूलशास्त्राकडे वळवलं. १९४९ साली तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्या स्त्री.

तेव्हा बाळ बाहेर आलं की सगळे आईभोवती. निळं, मलूल बाळ पुष्कळदा बाजूला ठेवलं जायचं, हे काही जगायचं नाही असं धरून. असं सांगतात की एका सकाळी न्याहारीच्या टेबलावर एका विद्यार्थ्याने विचारलं, नवजात बाळाची प्रकृती मोजायची कशी? बाईंनी हाताला लागलेल्या कागदावर पाच मुद्दे खरडले आणि ते पडताळून बघायला तडक प्रसूती विभाग गाठला.

१९५३ साली त्यांचा शोधनिबंध छापून आला. त्यांची एक अट मला फार मोलाची वाटते: ज्या डॉक्टरने बाळंतपण केलं, त्याने गुण द्यायचे नाहीत. त्याचा जीव त्या बाळात गुंतलेला असतो, नकळत हात सैल सुटतो. गुण देणारा वेगळा हवा, आणि तेही बरोबर एका मिनिटाला.

पूर्ण दिवस भरलेल्या ज्या बाळांना शून्य ते दोन गुण मिळाले, त्यांच्यातली १४ टक्के दगावली. आठ ते दहा गुणांच्या बाळांत हे प्रमाण होतं ०.१३ टक्के. शिवाय, सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिलेल्या आयांची बाळं पूर्ण भूल दिलेल्यांच्या बाळांपेक्षा तरतरीत निघाली. म्हणजे आईला दिलेलं औषध बाळाच्या अंगावर वाचता येऊ लागलं. पुढे सहकाऱ्यांबरोबर रक्ताच्या तपासण्या केल्यावर सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू बाळाला मंदावतो असं दिसलं. तो बाईंचा आवडता वायू. त्यांनी तो सोडला.

पहिल्या मिनिटाबरोबर पाचव्या मिनिटाचा स्कोर नंतर आला. २००१ साली अमेरिकेतल्या डॅलसच्या डॉक्टरांनी दीड लाखाच्या आसपास जन्मांच्या नोंदी तपासल्या. पूर्ण दिवसांच्या बाळांत पाचव्या मिनिटाला तीन किंवा कमी गुण असतील तर हजारी २४४ मृत्यू. सात ते दहा असतील तर हजारी ०.२.

आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर हे आकडे लिहिलेले असतात, आणि घरात कुणीतरी हिरमुसतं, "आठच?" तसं वाटून घेऊ नका. पहिल्या मिनिटाला तळहात-तळपाय निळसर असणं अगदी नेहमीचं, त्यामुळे पैकीच्या पैकी क्वचितच मिळतात. रंगाचा निकष सगळ्यात कच्चा, हे खुद्द अपगारबाईंनीच लिहिलं होतं. सावळ्या बाळाच्या बाबतीत तर कातडीवर न जाता ओठ आणि जीभ बघावी लागते.

या गुणांवरून बाळाची पुढची बुद्धी ठरवता येत नाही. कमी गुण मिळालेल्या बहुतेक बाळांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर येणारं कायमचं अपंगत्व, होत नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ मुळातच नाजूक, त्याचे गुण कमी येणारच. श्वास नसेल तर स्कोरची वाटही बघत नाहीत. बाळ लगेच पुसून, चोळून, गरज पडल्यास मास्क लावून हवा दिली जाते. पाचव्या मिनिटाला सातपेक्षा कमी असेल तर दर पाच मिनिटांनी, विसाव्या मिनिटापर्यंत, पुन्हा मोजतात.

म्हणून आकडा कमी दिसला तर डॉक्टरांना दोन गोष्टी नीट विचारा: कुठल्या निकषात गुण गेले, आणि बाळाने स्वतःहून श्वास कधी घेतला. ती उत्तरं लिहून ठेवा आणि बाळाच्या पुढच्या तपासणीला बरोबर न्या.