हाँगकाँगचा चहा: उष्ण किती, थंड किती

[पितळी हंडा. तोटीखाली वाटी. काळी धार.]

हाँगकाँग बेट, सेंट्रल भाग. बँकांच्या काचेच्या इमारती इथून हाकेच्या अंतरावर, आणि या दुकानाच्या तोंडाशी हा पितळी हंडा. लख्ख घासलेला, भोपळ्याच्या घाटाचा. आत काढा आहे. मुळं, साली, पानं, सगळं तासन्‌तास उकळून काढलेलं. इथे त्याला लेऊंग चा म्हणतात. भरलेल्या वाट्यांवर काचेच्या चकत्या झाकलेल्या, रस्त्याची धूळ बसू नये म्हणून.

कोट-टाय घातलेले हे गृहस्थ बघा. वाटी उचलली, एका दमात रिकामी केली. हा सगळ्यात कडू प्रकार, ‘चोवीस चवींचा’. चोवीस म्हणायचं, प्रत्यक्षात जिन्नस दुकानागणिक कमी-जास्त. आता त्यांचा चेहरा बघा. सुकवलेला आलुबुखार तोंडात टाकला आणि निघाले ऑफिसला.

[परातीत वाळलेली फुलं, जवळून.]

ज्यांना कडू नको त्यांच्यासाठी पाच फुलांचा चहा. यातली काही फुलं तुमच्याही ओळखीची आहेत. ही पिवळी, शेवंती. ही पाच पाकळ्यांची म्हणजे चाफा, आपल्याकडे देवळापाशी असतो तोच. आणि हे जाड, तपकिरी पडलेलं फूल काटेसावरीचं. वसंतात सावरीखाली फुलांचा सडा पडला की हाँगकाँगची म्हातारी माणसं पिशवी घेऊन येतात, वेचतात, घरी नेऊन उन्हात वाळवतात. चौथं हनीसकल. पाचवं कोणतं, याबद्दल एका दुकानाचं दुसऱ्याशी पटत नाही. वरून खडीसाखर, म्हणजे पोरंही कुरकुर न करता पितात.

हे सगळं कशासाठी? दक्षिण चीनची हवा दमट. तळकट खाल्लं, जागरण झालं की तोंड येतं, घसा धरतो, पुटकुळ्या उठतात. अंगात उष्णता झाली. मग थंड काहीतरी प्या. उष्ण-थंडाचा हा हिशेब कँटनीज घरात प्रत्येक पदार्थाला लावला जातो. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहरात वाँग लो काटचं काढ्याचं दुकान 1828 साली निघालं, पण हिशेब त्याहून कितीतरी जुना.

[जुनी छायाचित्रं: ताइपिंगशान.]

1894. याच बेटावर ताइपिंगशानच्या दाट चिनी वस्तीत प्लेग शिरला. गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत घुसल्या. सामान बाहेर काढून जाळलं, भिंतींना चुना फासला, आजारी माणसं बंदरात नांगरलेल्या जहाजावर नेली. दोन वर्षांनी साथ मुंबईत, मांडवीला पोचली; त्यापुढचं पुण्याला सांगायला नको. सरकारी डॉक्टरच्या दारात जायचीच लोकांना धास्ती. भरवसा कशावर? वैद्यावर, तुंग वा रुग्णालयातल्या चिनी औषधांवर आणि कोपऱ्यावरच्या या वाटीवर. काढ्याने प्लेग जात नव्हता, हे खरं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले. घरं खुराड्याएवढी, संध्याकाळी बसायचं कुठे? काढ्याच्या दुकानांनी रेडिओ लावले, मग ज्यूकबॉक्स आले, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेट्या. 1957 साली हाँगकाँगमध्ये टीव्ही सुरू झाला आणि तोही या दुकानांतल्या भिंतींवर चढला. एक वाटी घ्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत बसा.

[कापडी गाळणं. उंचावरून पडणारा चहा.]

आता जरा पुढे या. गेज स्ट्रीटवर लान फाँग युएन, 1952 पासूनचं दुधाच्या चहाचं दुकान. इथे हंडा नाही, इथे ही पिशवी. कडीला अडकवलेलं लांब कापडी गाळणं. चहा पिऊन पिऊन त्याचा रंग असा झालाय की लोक याला रेशमी मोज्यांचा चहा म्हणतात.

हात बघा यांचे. पत्ती सिलोनची, पण एका जातीची नाही. एक रंगाला, एक वासाला, एक कडकपणाला. थोडी भुकटी, थोडं मोठं पान. प्रमाण मालकाच्या डोक्यात. उकळतं पाणी गाळण्यातून एका भांड्यात सोडायचं, ते भांडं उचलून पुन्हा गाळण्यातून दुसऱ्या भांड्यात. पुन्हा. आणि पुन्हा. धार उंचावरून पडली पाहिजे. मग भांडं मंद आचेवर. आपल्या टपरीवर दूध चहाबरोबरच उकळतं, इथे ते शेवटी कपात भेटतं, आणि तेही डब्यातलं, आटवलेलं.

डब्यातलंच का? कारण हा साहेबाचा चहा. 1928 साली उघडलेल्या इथल्या पेनिन्सुला हॉटेलात तो चांदीच्या किटलीतून यायचा, सोबत स्कोन आणि जॅम. कारकुनाच्या आणि गोदी कामगाराच्या खिशाला ते परवडणारं नव्हतं, ताजं दूधही महाग. म्हणून डब्यातलं दूध, आणि ते पेलवेल इतका कडक चहा.

[1660 सालचं लंडन, छापील चित्रं.]

आणि साहेबाच्या देशात तरी चहा कसा आला? औषध म्हणूनच. लंडनच्या एक्सचेंज गल्लीत टॉमस गार्वे नावाचा कॉफीवाला होता. 1660 च्या सुमारास त्याने चहाच्या गुणांचं पत्रक काढलं. डोकेदुखीपासून पोटापर्यंत सगळ्यावर उतारा! 1667 मध्ये सॅम्युएल पीप्स रोजनिशीत लिहितो की बायको घरी चहा करत होती, औषधविक्यानं तो सर्दीवर चांगला म्हणून सांगितला होता. पुढे साखर आली, दूध आलं, दुपारचा थाट आला. या चहाची किंमत चांदीत मोजायला नको म्हणून चीनमध्ये अफू उतरवली गेली. त्यातली माळव्याची बरीचशी मुंबई बंदरातून गेली, आणि जमशेटजी जीजीभॉयांसारख्यांची संपत्ती त्या व्यापारातून उभी राहिली. युद्ध झालं, हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. तो वेगळा माहितीपट होईल.

[एका कपात कॉफी, वरून चहा.]

आम्ही इथवर आलो ते या कपासाठी. याचं नाव युनयंग. साधारण सात वाटे दुधाचा चहा, तीन वाटे कॉफी. लंडनच्या जुन्या इंग्रजी चहाघरात हे मागितलं तर वेड्यात काढतील. इथे त्याला कारण आहे. चिनी वैद्यकाच्या हिशेबात कॉफी उष्ण, चहा थंड. दोन्ही एकत्र केले की जमलं. साहेबाची दोन पेयं घेतली आणि आजीच्या ताजव्यात तोलली. परदेशातल्या दुकानांतून हल्ली ‘वेलनेस टी’ म्हणून नाजूक डबे मिळतात, त्यांच्यावर इतकं साधं गणित मला अजून दिसलेलं नाही.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. मागच्या टेबलावर बघा, कपातून वाफा निघताहेत. आत कोका-कोला आहे! आलं आणि लिंबू घालून उकळलेला. सर्दी झाली की चा चान तेंगमध्ये, म्हणजे इथल्या चहाच्या खानावळीत, हाच मागवतात. डिमसमच्या, म्हणजे वाफवलेल्या छोट्या पदार्थांच्या, टेबलावर पु-अर चहात शेवंतीची फुलं टाकतात. दुधाचा चहाही कोणी आल्याचा घेतं.

[रस्ता. पाट्या. बंद शटर.]

2006 मध्ये काढ्याला चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत जागा मिळाली, 2017 मध्ये हाँगकाँगच्या यादीत काढा आणि दुधाचा चहा दोघेही आले. दुकानांची भाडी मात्र यादी बघून ठरत नाहीत. हंडे कमी झाले, बाटल्या वाढल्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर काढ्याआधी डॉक्टरना विचारा.

[लंडन. काउंटरमागे तेच कापडी गाळणं.]

2021 पासून ब्रिटनने हाँगकाँगच्या लोकांना नवा व्हिसा दिला, आणि हजारो कुटुंबांबरोबर ही पिशवीही लंडनला आली. पत्ती सिलोनची, दूध डब्यातलं. मेन्यूवर युनयंग आहे. बर्फ घातलेला हवा असेल तर पैसे जास्त, हाँगकाँगसारखेच.