रात्री दोनचा वारा

(नवी मुंबईतलं कोपरखैरणे. मध्यरात्र उलटून गेलेली. इमारतीतल्या खिडक्या एकामागून एक बंद होताना दिसतात.)

रात्रीचे दोन. बाहेर सडक्या अंड्यांसारखा वास सुटलाय. काकू उठतात, खिडकी लावतात, नातू झोपलेल्या खोलीचं दार ओढून घेतात आणि दाराखालच्या फटीत पंचा सारतात.

वास रात्रीच का येतो? पूर्वेला पारसिकची डोंगररांग. तिच्या पायथ्याशी ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, रस्ता ओलांडला की वसाहती, आणि त्यांच्या पलीकडे खाडी. दिवसा वारा खाडीकडून येतो आणि धूर डोंगराकडे नेतो. रात्री जमीन निवते आणि वारा उलटा फिरतो. थंडीत तर जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडून राहते. चिमणीतून निघालेलं वर चढत नाही, घरांत शिरतं.

(चौकातला हवेच्या गुणवत्तेचा फलक.)

सकाळी या फलकावर हवा ‘समाधानकारक’ असू शकते. तो आकडा खोटा नसतो. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी आपली मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, पण ती २४ तासांच्या सरासरीची. रात्रीचे दोन तास त्या सरासरीत विरून जातात. आणि सडक्या अंड्यांचा वास ज्या वायूला येतो, तो हायड्रोजन सल्फाइड, या फलकावरच्या हवा निर्देशांकाच्या आठ प्रदूषकांत धरलेलाच नाही.

(एमआयडीसीतला रस्ता. पाळी सुटल्यावरची गर्दी.)

कारखानदार म्हणतात, आम्ही साठच्या दशकात आलो, नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली, घरं त्यानंतर आमच्या दारात आली. खरं आहे. पावणे, घणसोली, कोपरखैरणे ही आगरी-कोळ्यांची गावं मात्र दोघांच्याही आधीची. हे कुणी हिशेबात धरत नाही. लहान कारखान्याला स्क्रबर, म्हणजे धूर धुऊन काढणारं यंत्र, चालवायचं तर रोजची वीज, पाणी, कॉस्टिक सोडा. त्यावर तुरुंगाची टांगती तलवार असेल तर धंदा करायचा कसा, असं ते विचारतात.

२०२३च्या जनविश्वास कायद्याने ही तक्रार ऐकली. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद होती, तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आला. खटले वर्षानुवर्षं रेंगाळण्यापेक्षा दंड लवकर व्हावा, हे मला पटतं. पण दंड करायला आधी कुणीतरी सापडावं लागतं. तक्रार रात्री दोनला होते, पाहणीला माणूस येतो उजाडल्यावर. तोवर वारा फिरलेला असतो.

म्हणून गल्लीतल्या लोकांची मागणी साधी आहे: पाहणी रात्री करा, आमच्या दारात उभं राहून करा.

(स्वयंपाकघरातली भिंत. कॅलेंडर.)

दुधाच्या खाड्यांशेजारी काकूंनी पेन्सिलीने वेळा लिहून ठेवल्यात. पावणेदोन. दोन वीस. पुन्हा पावणेदोन.