शेवटच्या स्टेजचे हात

[दृश्य : डोंगरमाथा. सुरुवातीच्या रेषेजवळ टेकवून ठेवलेली सायकल. कॅमेरा हळूहळू रायडरच्या बोटांवर येतो.]

या बोटांकडे बघा. ग्लोव्ह्जच्या आत ती उघडतायत, मिटतायत, पुन्हा उघडतायत.

सकाळपासून पाच स्टेज, म्हणजे घड्याळावर मोजलेले पाच उतार, झाल्या. आता सहावी, शेवटची. फिनिशची कमान खाली दरीत आहे, इथून दिसतही नाही. ठरलेल्या अंतराने एकेक रायडर सुटतोय आणि हा आपल्या पाळीची वाट बघत उभा आहे. सायकलीकडे त्याचं लक्ष नाही. ती सकाळीच तपासून झाली. त्याला काळजी आहे ती कोपरापासून बोटांपर्यंतच्या त्या वीतभर स्नायूंची.

एन्ड्युरो ही माउंटन बाइकची शर्यत बाहेरून बघणाऱ्याला सोपी वाटते. डोंगर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. चढ घड्याळात धरत नाहीत. पण पुढच्या स्टेजच्या सुरुवातीला किती वाजता हजर व्हायचं ते ठरलेलं असतं, आणि उशीर झाला की दंड. उतार मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. दिवसभरातल्या सगळ्या उतारांच्या वेळांची बेरीज करायची, ज्याची सगळ्यात कमी तो जिंकला. चाळीस-पन्नास किलोमीटरची रपेट आणि दीड-दोन हजार मीटरची चढाई हा मोठ्या शर्यतीतला नेहमीचा दिवस. त्यातलं घड्याळावरचं काम बहुतेक वेळा तासाभराच्या आतलं. बाकी सगळा वेळ त्या तासाला पुरून उरण्यात जातो.

[दृश्य : समुद्रकिनारा, झाडीतून उतरणारी लाल मातीची वाट.]

इटली आणि फ्रान्सच्या डोंगरांत अशा शर्यती आधीपासून होत होत्या. मे 2013 मध्ये टस्कनीच्या किनाऱ्यावर, पुंता आला इथे, एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजची पहिली फेरी झाली. ती जिंकली फ्रान्सच्या फाबियाँ बारेलनं. वर्षाअखेर मालिकेचं विजेतेपद मिळालं जेरोम क्लेमाँत्झ आणि ब्रिटनच्या ट्रेसी मोझलीला. मोझलीनं पुढची दोन वर्षंही ते सोडलं नाही. 2023 पासून हीच मालिका यूसीआयचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा, एन्ड्युरो वर्ल्ड कप म्हणून भरते.

या दहा-बारा वर्षांत सायकली फार बदलल्या. पण सायकल लावायची कशी, म्हणजे तिचा एकेक भाग रायडरला जुळवायचा कसा, हा प्रश्न तिथेच आहे. कारण सेटअप ठरतो सराव आणि चाचणीच्या दिवसात, ताज्या हातांनी. शर्यतीचा निकाल लागतो तो दमलेल्या हातांवर.

[दृश्य : उताराचा जवळून घेतलेला शॉट. हँडलबार थरथरतोय.]

हातांना नेमकं काय होतं? दगडांच्या उतारावर मूठ सतत आवळलेली राहते. मनगटाच्या मागचे स्नायू आकुंचन पावतात आणि सैल पडायला त्यांना क्षणभरही मिळत नाही. स्नायूंमधलं रक्त नीट फिरत नाही, आतला दाब वाढतो, हात दगडासारखा टणक होतो. रायडर याला ‘आर्म पंप’ म्हणतात. मग ब्रेक दाबायला सांगितलेलं बोट उशिरा दाबतं. सोडायला सांगितलेलं सोडत नाही.

यावर पहिला विचार मनात येतो तो सस्पेन्शन मऊ करण्याचा. इथेच गंमत आहे.

रायडर संपूर्ण सामानासह, हेल्मेट-पाणी-हत्यारांसकट, पेडलवर उभा राहिला की सस्पेन्शन काही प्रमाणात दबतं. त्याला सॅग म्हणतात. मागच्या सस्पेन्शनला, म्हणजे शॉकला, साधारण 30 टक्के आणि पुढच्याला, म्हणजे फोर्कला, 15 ते 20 टक्के, असा ढोबळ हिशोब. व्यावसायिक रायडर यापेक्षा कडक लावतात, कारण ते ज्या वेगानं दगडावर आदळतात त्या वेगाला मऊ फोर्क तळाला जाऊन टेकतो. त्यांच्या सायकलवर सामान्य माणूस बसला तर त्याला लाकडी बाकावर बसल्यासारखं वाटेल.

आता हाच फोर्क हातांना आराम म्हणून मऊ केला, तर? तीव्र उतारावर ब्रेक मारला की सायकलचं नाक खाली जातं. नाक गेलं की अंगाचं वजन पुढे घसरतं. पुढे घसरलेलं वजन पेलायचं कोणी? त्याच हातांनी. आरामासाठी केलेला बदल हातांवरच उलटतो. म्हणून जाणता मेकॅनिक रायडरचे हात दुखतायत हे ऐकून लगेच फोर्कमधली हवा काढत नाही. तो आधी रिबाउंड बघतो. दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग म्हणजे रिबाउंड. तो फार संथ असेल तर एका दगडातून सावरायच्या आत दुसरा दगड येतो, मग तिसरा. फोर्क प्रत्येक वेळी थोडा खालीच राहतो, आणि जितका खाली तितका कडक. 170 मिलिमीटरचा प्रवास असलेला, म्हणजे तेवढा दबू शकणारा, फोर्क शंभराचाच असल्यासारखा वागायला लागतो. रिबाउंडचं बटण दोन क्लिक उघडलं की तोच फोर्क जिवंत होतो. जास्त उघडलं तर मात्र तो हात झटकून टाकतो. या दोन-तीन क्लिकमध्ये कित्येकांचे अख्खे हंगाम अडकून पडलेले असतात.

मग तो हँडलबारची उंची बघतो. पाच-दहा मिलिमीटर वर घेतला तर तीव्र उतारावर छाती मागे येते आणि हातांवरचा भार कमी होतो. त्याची किंमत सपाट वळणावर मोजावी लागते, पुढचं चाक हलकं पडतं आणि बाहेर सरकतं. ब्रेकचा लिव्हर कोणत्या कोनात आहे, मनगट त्यासाठी किती मोडावं लागतं, ब्रेक बोटाच्या किती जवळ येऊन पकडतो, हेही बघतो. डिस्कचा आकार तर साधं गणित आहे. 200 ऐवजी 220 मिलिमीटरची डिस्क लावली की बोटाच्या तेवढ्याच जोरात सुमारे दहा टक्के जास्त ब्रेक लागतो. वजन थोडं वाढतं. पण सहाव्या स्टेजला बोटात जो जोर उरलेला नसतो, तो त्या डिस्कनं सकाळीच वाचवून ठेवलेला असतो. माझ्या मते एन्ड्युरोच्या सायकलवरचा सगळ्यात शहाणपणाचा खर्च तोच.

[दृश्य : टायरवर टेकवलेला प्रेशर गेज. मागे डोंगराचा चढ.]

टायरबद्दल थोडक्यात. पुढे जास्त पकडीचं मऊ रबर, मागे जरा टिकाऊ. कवच जाड, ट्यूब नाही, आत पंक्चर बुजवणारं द्रव, आणि मागच्या चाकात बहुतेकदा रिम वाचवणारी फोमची पट्टी. प्रेशर वीस-पंचविशीच्या आसपास, पीएसआयमध्ये. मेकॅनिक पायथ्याशी हवा मोजून देतो. रायडर हजार मीटर वर चढतो. तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे तापमान तेवढंच राहिलं तर टायर जवळजवळ दीड पीएसआयनं जास्त कडक झालेला असतो. जे रायडर अर्ध्या पीएसआयवरून मेकॅनिकशी वाद घालतात, त्यांच्यासाठी दीड हा फार मोठा आकडा. कॅनडातल्या व्हिस्लरचं शिखर 2182 मीटरवर आहे आणि खालचं गाव 675 वर. तिथल्या ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ या वाटेच्या माथ्यावर उभा असलेला रायडर बोटानं टायर दाबून बघताना दिसला, तर त्याच्या मनात हाच हिशोब चालू असतो.

[दृश्य : जुनं छायाचित्र. पेडलवर नुसते ठेवलेले बूट.]

सायकल कशी लावावी याचं एकच बरोबर उत्तर असतं, असं मानणाऱ्यांना सॅम हिल आठवावा. ऑस्ट्रेलियाचा हा रायडर 2006, 2007 आणि 2010 मध्ये डाउनहिलचा, म्हणजे एकाच उतारावरच्या शर्यतीचा, विश्वविजेता होता. एन्ड्युरोत आला तेव्हा जवळजवळ सगळे आघाडीचे रायडर बूट पेडलमध्ये अडकवून चालवत होते. कारण उघड आहे. खडबडीत वाटेवर पाय उडत नाही, आणि पेडल वरच्या दिशेनंही ओढता येतं. हिल मात्र सपाट पेडलवरच राहिला. बाकीचे 29 इंची चाकांकडे वळत असताना 2017 मध्ये त्यानं 27.5 इंची चाकांवर मालिका जिंकली. मग 2018. मग 2019. तेव्हा तो 34 वर्षांचा होता.

सपाट पेडल जादूचं नाही. पण त्यावर पाय टिकवायचा तर टाच खाली टाकावी लागते आणि अंगाचं सगळं वजन तळपायातून पेडलमध्ये ढकलत राहावं लागतं. वजन पायात गेलं की हातात उरत नाही. हिलचे जुने व्हिडिओ आवाज बंद करून बघा. खाली सायकल दगडांवर नाचत असते आणि वरचं अंग पाण्यावर तरंगत असल्यासारखं शांत असतं. मूठ आवळलेली दिसत नाही. त्याचा सेटअप इतरांपेक्षा चांगला होता असं मी म्हणणार नाही. तो त्याच्या अंगाला मुरलेला होता, आणि दमलेलं शरीर मुरलेल्या सवयींवरच चालतं.

याच्या अगदी उलट टोकाला ऑस्ट्रेलियाचाच जॅरेड ग्रेव्ह्ज. 2013 ची डाउनहिल विश्वस्पर्धा दक्षिण आफ्रिकेत, पीटरमॅरिट्झबर्गला होती. त्या मार्गाच्या मध्यावर लांबच लांब सपाट पट्टा आहे, तिथे जीव तोडून पेडल मारावं लागतं. बाकीचे जड डाउनहिल सायकली घेऊन उभे होते. ग्रेव्ह्जनं आपली नेहमीची, कमी प्रवासाच्या सस्पेन्शनची एन्ड्युरोची सायकल आणली आणि तिच्यावर कांस्यपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी तो एन्ड्युरो मालिकेचा विजेता झाला. वरच्या दगडांत आपण किती गमावू आणि सपाटीवर किती कमावू, याचा हिशोब त्यानं आपल्याच पायांच्या ताकदीवरून मांडला होता. दुसऱ्या कोणाच्या पायांना तो लागू पडला नसता.

[दृश्य : संध्याकाळ. तंबूत लॅपटॉपवर सरावाचा व्हिडिओ. बाजूला उघडी हत्यारपेटी.]

आता ज्याला फॉर्म म्हणतात त्याकडे वळू. शरीराची ठेवण याही अर्थानं, आणि लय या अर्थानंही.

ताजा रायडर कमरेतून वाकतो. छाती खाली, कोपरं बाहेर, गुडघे सैल, नजर दहा-पंधरा मीटर पुढे. दमलेला रायडर हळूहळू सरळ होतो. आधी गुडघे ताठ होतात, मग कंबर मागे जाते, मग हात लांब होतात. नजर पुढच्या चाकापाशी येऊन थांबते. पुढच्या चाकावरचं वजन गेलेलं असतं, त्यामुळे वळणात ते सुटतं. रायडर खाली येऊन सांगतो, टायर धरत नव्हता. टायर सकाळचाच असतो. म्हणून चांगल्या संघात काही बदलायच्या आधी पहिल्या आणि शेवटच्या स्टेजचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघतात. दोष सायकलीत असेल तर तो दोन्हीकडे दिसतो.

आणि वाट पाठ करायची ती वेगळीच. सराव फार थोडा मिळतो. डाउनहिलसारखी एकच वाट दिवसभर घासायची सोय इथे नाही. पाच-सहा वेगवेगळे उतार, प्रत्येकावर एखाददुसरी फेरी, मग रात्री हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा पुन्हा बघणं. सगळं लक्षात राहत नाही. मुरलेले रायडर तसा हट्टही धरत नाहीत. जिथे चुकलं तर मोठं नुकसान आहे अशा जागा ते मनात पक्क्या करतात आणि मधली वाट डोळ्यांवर सोडतात.

लय काय असते ते फ्रान्सच्या इझाबो कुर्दुरिएनं 2019 च्या एन्ड्युरो मालिकेत दाखवलं. न्यूझीलंडमधल्या रोटोरुआपासून स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटपर्यंत आठ फेऱ्या, आणि आठही तिनं जिंकल्या. ओली मुळं, कोरडी धूळ, आल्प्सचे दगड, सगळ्यांवर. आठ ठिकाणच्या आठ प्रकारच्या जमिनीवर सायकल सारखी लावून चालत नाही. प्रत्येक ठिकाणी नव्यानं ठरवावं लागतं आणि ठरवल्यावर त्यावर विश्वास टाकावा लागतो.

फाबियाँ बारेलचं 2014 तर मला विसरताच येत नाही. हंगामाच्या पहिल्याच फेरीत, चिलीमध्ये, पडून त्याच्या पाठीचा मणका मोडला. ऑक्टोबरमध्ये इटलीच्या फिनाले लिगुरेला, हंगामाच्या शेवटच्या फेरीत, तो परतला. समुद्राकडे उतरणाऱ्या त्या चुनखडीच्या वाटांवर त्यानं ती शर्यत जिंकली.

[दृश्य : पुन्हा डोंगरमाथा. रायडर गॉगल डोळ्यांवर ओढतो.]

आपला रायडर अजून वर उभा आहे. त्याच्या फ्रेमवर, चाकांवर, सस्पेन्शनवर शर्यतीआधी खुणा करून ठेवल्यात. त्यातलं काही मोडून बदललं तर दंडाची मिनिटं बेरजेत जमा होतात. ठरवून दिलेल्या जागेबाहेर मेकॅनिकनं हातही लावायचा नाही. जे काही करायचं ते आता त्याला एकट्यालाच. पाचव्या स्टेजनंतर, चढावर एका झाडाखाली थांबून, त्यानं फोर्कच्या रिबाउंडची एक क्लिक उघडली होती. तेवढंच.

बीप वाजायला लागतात. पाच. चार. बोटं शेवटचं एकदा उघडतात. तर्जनी ब्रेकवर जाते, उरलेली तीन ग्रिपभोवती मिटतात, पण आवळत नाहीत.

[दृश्य : रायडर झाडीत शिरतो. फक्त आवाज : दगड, साखळी, श्वास. मग फिनिशची कमान.]

तो खाली आला. सायकल बाजूला टेकवली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. वेळेचा फलक त्याच्या मागे आहे, अजून वळून बघितलेलं नाही. हेल्मेट काढायचंय, पण हनुवटीखालचं बकल बोटांना उघडत नाहीये. एकदा प्रयत्न करतो. दुसऱ्यांदा. मेकॅनिक पुढे येतो, काही न बोलता बकल सोडतो आणि सायकल उचलून घेऊन जातो.